चोवीस तासांचं दान

ब्रिटनमध्ये दर उन्हाळ्यात हजारो माणसं एक ठरावीक उपद्व्याप करतात. स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस (१३४५ मीटर), इंग्लंडमधलं स्कॅफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्समधलं स्नोडन (१०८५ मीटर), ज्याला तिथलं राष्ट्रीय उद्यान २०२२पासून अर विद्वा या वेल्श नावानंच ओळखतं, ही त्या त्या देशातली तीन सर्वोच्च शिखरं चोवीस तासांच्या आत चढून उतरायची. पायी अंतर सुमारे ३७ किलोमीटर, एकूण चढ सुमारे ३००० मीटर, आणि मध्ये गाडीचा प्रवास जवळपास ७४० किलोमीटर. यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी पैसे उभे करत असतात. कर्करोगावरचं संशोधन, हॉस्पिस, लहान मुलांचं रुग्णालय, असं काही. चालणारा आधी जाहीर करतो, सहा महिने सराव करतो आणि ओळखीच्यांकडे देणगी मागतो. लीड्स किंवा लंडनमध्ये नोकरी करणारा एखादा भाचा असेल, तर अशी मागणी पुण्या-नाशिकच्या मामांपर्यंतही येते. या प्रकारात कितपत अर्थ आहे, यावर सह्याद्रीत जन्म घालवलेला एक शंकेखोर आणि प्रस्तुत लेखक यांचा हा वाद. शंकेखोर कल्पनेतला आहे, पण त्याचे आक्षेप कुठल्याही गिर्यारोहण संस्थेच्या कट्ट्यावर ऐकायला मिळतील.

शंकेखोर : मला एवढंच सांगा, संशोधनाला पैसे हवेत ना? मग पैसे द्यावेत. मध्ये डोंगर कशाला? आम्ही कळसूबाई केलं, हरिश्चंद्रगड केला, अलंग-मदन-कुलंग केलं, ते काही हातात पावतीपुस्तक घेऊन नाही. हौस आपली आणि वर्गणी शेजाऱ्याची, ही कुठली रीत? आपल्याकडे नवस बोलणारा स्वतः अनवाणी चालतो आणि पेढेही स्वतःच्याच पैशांचे वाटतो. इथे नवस बोलायचा एकानं आणि फेडायचा मित्रमंडळींनी! शिवाय गाडीभाडं, मुक्काम, वाटाड्या, कपडे, बूट यांवर जो खर्च होतो, तोच सरळ त्या संस्थेला दिला असता तर?

लेखक : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो वरवर बिनतोड वाटतो. बुटांचे आणि प्रवासाचे पैसे संस्थेसाठी बाजूला काढलेले कधीच नसतात. हा उपक्रम नसता तर ते सुट्टीवर, हॉटेलात किंवा दुसऱ्या कसल्या हौसेवर गेले असते. तेव्हा तुलना ‘चालणं की दान’ अशी करून भागत नाही. चालल्यामुळे जे दान होतं, ते एरवी झालं असतं का, असं विचारायला हवं. नवसाचं म्हणाल, तर तो दाखला मला सोयीचाच आहे. कष्ट आणि दान यांची सांगड माणसाच्या मनात पक्की बसलेली असते, हे त्यातून दिसतं. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डार शफीर या अभ्यासकांनी २०१३ मध्ये याच सांगडीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. देणगीसाठी सहलीला जाऊन जेवायचं आहे, असं काही जणांना सांगितलं आणि देणगीसाठी पाच मैल धावायचं आहे, असं इतरांना. धावणाऱ्यांनी जास्त रक्कम द्यायची तयारी दाखवली. दुसऱ्या एका प्रयोगात बर्फासारख्या थंड पाण्यात हात धरून ठेवायचा होता, तिथेही कल तोच. आणि हा परिणाम सगळीकडे सारखा नव्हता. काम माणसाच्या दुःखाशी संबंधित असेल तर तो ठळक दिसला, बागबगीच्यासारख्या सुखाच्या कामाला फिका पडला. सोसण्यानं दानाला वजन येतं, पण ज्याच्यासाठी सोसायचं तोही सोसणारा असावा लागतो.

शंकेखोर : थांबा. तुमच्या या प्रयोगात सोसणारा आणि देणारा एकच माणूस आहे. म्हणजे तो माझा नवसवालाच झाला! तुमच्या भाच्याच्या बाबतीत सोसतो भाचा आणि देतो मामा. त्याचं काय?

लेखक : हरकत रास्त आहे. त्या प्रयोगांवरून देणाऱ्या मामाबद्दल थेट काही सिद्ध होत नाही. मामाचा अभ्यास दुसरीकडे झाला आहे. सारा स्मिथ, फ्रँक विंडमायर आणि एडमंड राइट यांनी २०१०च्या लंडन मॅरेथॉनमध्ये धावलेल्यांची देणगीची पानं तपासली. या पानांवर कुणी किती दिलं हे क्रमानं, सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं असतं. आधीच्या देणग्यांची सरासरी दहा पौंडांनी जास्त असली की नंतर येणारा साधारण अडीच पौंड जास्त देतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे देणारा मॅरेथॉनच्या अंतराकडे बघून आकडा ठरवत नाही, आपल्याआधी आपल्यासारख्यांनी काय दिलं ते बघतो. गणपतीच्या वर्गणीच्या यादीवर वरची दोन-चार नावं कुणाची आणि कितीची, यावर पुढची अख्खी आळी ठरते, हे आपल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. यातून माझा मुद्दा असा निघतो : पैसा शिखरातून येत नाही, मागण्यातून येतो. एका माणसानं आपल्या ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन, नाव घेऊन मागणं, ही यातली खरी मेहनत. पण बहुतेकांना उगाच उठून पैसे मागायची लाज वाटते. ‘मीही काहीतरी करतोय’ एवढा आधार लागतो, आणि डोंगर तो आधार देतो.

शंकेखोर : मग डोंगर नुसता निमित्तमात्र! हे तुम्हीच कबूल केलंत. २०२० साली त्या कॅप्टन टॉम मूर यांनी काय केलं? नव्याण्णव वर्षांचे गृहस्थ, हातात चालायचा आधार, घरामागच्या पंचवीस मीटरच्या अंगणात शंभर फेऱ्या. सगळे मिळून अडीच किलोमीटर. हजार पौंड जमवायचं ठरवलं होतं आणि सव्वातीन कोटी पौंडांच्या वर जमले. बेन नेव्हिस लागलं नाही त्यांना.

लेखक : नाही लागलं, आणि माझ्या बाजूचा याहून मोठा पुरावा मला सापडला नसता. त्या अडीच किलोमीटरना किंमत कशामुळे आली? ते त्या माणसासाठी अवघड होतं. पंचविशीतल्या मुलानं तेच अंगण चाललं असतं तर कुणी खिशात हात घातला नसता. तेव्हा कष्ट हवेत, पण ते चालणाऱ्याच्या मापाचे हवेत. उंची, कीर्ती, विक्रम हे सगळं वरकड. हे एकदा मान्य केलं की दुसरी एक गोष्ट आपोआप पुढे येते. कष्ट नेमके कुठे असतात? बाहेरच्याला वाटतं त्या एका दिवसात. तसं नसतं. ते आधीच्या पाच-सहा महिन्यांत असतात. बारी गावातून कळसूबाई लागोपाठ तीनदा चढून उतरण्याइतकं काम पायांना सांगायचं असेल, तर पायांना त्याची सवय हळूहळूच लावावी लागते. त्यातही चढाची तयारी सगळे करतात, उताराची फार थोडे. चढताना दम लागतो म्हणून लोक फुप्फुसांची काळजी वाहतात, पण मोडतात ती उतरताना मांडीची पुढची बाजू आणि गुडघे. उतारावर मांडीचा स्नायू लांबत असतानाच जोर लावत असतो. त्या विरुद्ध ओढीनं त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण याच स्नायूला एकदा असा ताण बसला की तसाच पुढचा ताण तो कितीतरी सहज सोसतो, आणि हा बचाव काही आठवडे टिकतो. म्हणून सपाट लंडनमध्ये राहणाऱ्यानंही लिफ्टनं वर जाऊन दहा मजले पायी उतरावं, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन. उलटं करू नये. बूट नवे असतील तर त्या दिवशी घालायच्याच मोज्यांसकट ते मुरवून घ्यावेत. आणि नकाशा-होकायंत्र शिकावं. बेन नेव्हिसचा माथा बहुतेक दिवस ढगात असतो. तिथल्या मोजणीच्या खांबापासून खाली निघायचं तर आधी नकाशावरच्या २३१ अंशांच्या रोखानं दीडशे मीटर पावलं मोजत जायचं आणि मग २८२ अंशांकडे वळायचं. एका बाजूला गार्डीलूची घळ, दुसऱ्या बाजूला फाइव्ह फिंगरची. थकलेल्या डोक्यानं, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी हे करता यायला हवं. ही विद्या अंगी बाणवण्यात गेलेला शनिवार-रविवार आणि मागण्यात गेलेली संध्याकाळ, हाच या उपक्रमाचा खरा ऐवज.

शंकेखोर : हे सगळं वाचायला छान आहे. प्रत्यक्षात ऑफिसातली पंधरा माणसं मे महिन्यात दोनदा टेकडीवर जातात आणि जूनमध्ये मिनीबसमध्ये बसतात. त्यांना अडवणार कोण?

लेखक : त्यांना घड्याळच असं वागायला लावतं, म्हणून माझा राग घड्याळावर आहे. जरा हिशेब मांडू. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही वापरतात : दर पाच किलोमीटरला एक तास, अधिक दर सहाशे मीटर चढाला एक तास. ३७ किलोमीटरचे झाले सुमारे साडेसात, ३००० मीटरचे पाच. साडेबारा तास, तेही न थांबता आणि धडधाकट माणसाचे. ७४० किलोमीटर गाडीला दहा तास तरी धरा. हायलँड्सचे आणि लेक डिस्ट्रिक्टचे रस्ते वळणांचे आहेत. उरला दीड तास. या दीड तासात तीन वेळा बूट घालायचे-काढायचे, खायचं, शौचाला जायचं, वाट चुकली तर सापडवायची आणि कुणाचा पाय मुरगळला तर त्याला खाली आणायचं. अशा हिशेबात गटातला सर्वांत सावकाश माणूस हा ओझं ठरतो. ढग उतरला तरी मागे फिरणं परवडत नाही, कारण सहाशे लोकांना सांगून ठेवलेलं असतं. आणि तयारीचा मोठा भाग ज्यासाठी करायचा ती डोंगरावरची जाण इथे कामाला येतच नाही. कामाला येतो तो चालक. चोवीसपैकी दहा तास जर आसनावर बसून जाणार असतील, तर त्या दहा तासांसाठी मामानं देणगी का द्यावी, हा तुमचा प्रश्न मीही विचारतो.

शंकेखोर : आता माझ्या मनातलं बोललात. पण तुम्ही अजून चालणाऱ्याच्याच बाजूनं बघताय. डोंगराखाली राहणाऱ्यांचं बघा. बहुतेक गट संध्याकाळी बेन नेव्हिस उरकून निघतात, म्हणजे स्कॅफेल पाइकच्या पायथ्याला वॉस्डेलमध्ये पोचतात ऐन मध्यरात्री. मूठभर घरांची वस्ती, एक सराई, एक लहानसं चर्च. तिथे जूनच्या शनिवारी रात्री दोन वाजता मिनीबसचे दरवाजे आपटतात, डोक्याला दिवे लावलेली पोरं हाका मारतात, आणि शौचालय बंद असलं की दगडी कुंपणाची आडोशाची बाजू धरतात. पायवाटा रुंदावून त्यांचे चिखलाचे पट्टे होतात. आणि कुणी अडकलं की उठायचं त्या खोऱ्यातल्या बचाव पथकानं, जे सगळे स्वयंसेवक. दिवसा आपापली नोकरी करणारे, एक पैसा न घेणारे आणि स्वतःच देणग्यांवर चालणारे. एका संस्थेला पैसे मिळावेत म्हणून दुसऱ्या संस्थेला रात्री अंथरुणातून उठवायचं. याला दान म्हणायचं की उधारी?

लेखक : या आक्षेपाला मी उत्तर देणार नाही, तो तसाच मान्य करतो. फक्त तो नेमका कशावर आहे ते ठरवू. डोंगरावर चालणाऱ्या माणसांवर तो आहे, असं मला वाटत नाही. रात्री दोनला वॉस्डेलमध्ये कुणी यावं असं डोंगर सांगत नाही. तिन्ही शिखरं एका दिवसात बसवण्याच्या अटीतून ते घडतं. तीच माणसं सकाळी आठला आली, गावातच मुक्कामाला राहिली, सराईत जेवली तर तक्रारीतली निम्मी हवा जाते. ब्रिटनमधल्या निधी उभारणाऱ्या संस्थांनी आणि डोंगर सांभाळणाऱ्यांनी मिळून गटाचा आकार, रात्रीचा गोंगाट, शौचालयं यांबद्दल संकेत घालून दिले आहेत, ते याच अनुभवातून. पण संकेत पाळणारे पाळतात, आणि अटच उपद्रवी असेल तर संकेतांनी फार तर उपद्रवाला शिस्त लागते. पायवाटांचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि तिथे घड्याळ काढून भागत नाही. यॉर्कशरमध्ये पेन-इ-गेंट, व्हर्नसाइड आणि इंगलबरो या तीन टेकड्यांची सुमारे ३९ किलोमीटरची फेरी आहे, बारा तासांत पुरी करायची. १८८७ मध्ये गिगल्सविक शाळेच्या दोन शिक्षकांनी ती पहिल्यांदा केली असं मानतात. तिथे मोटारप्रवास नाही, मध्यरात्र नाही. तरीही खालची जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या शेवाळाची, पाणी धरून ठेवणारी. त्यावर वर्षानुवर्षं धर्मादाय चालणाऱ्यांचे जथे गेले आणि वाटा इतक्या फाटल्या की राष्ट्रीय उद्यानाला हेलिकॉप्टरनं फरशा आणून टाकाव्या लागल्या. हा खर्च कुणाच्या देणगीच्या पानावर दिसत नाही. तो दिसला पाहिजे, एवढंच नाही, तर तो आधी वजा झाला पाहिजे. अमुक संस्थेसाठी पाच हजार पौंड जमवले म्हणणाऱ्या गटानं त्यातला ठरावीक वाटा वाटेला आणि त्या खोऱ्यातल्या बचाव पथकाला द्यावा, आणि देणाऱ्यांना तो मागतानाच सांगावा.

शंकेखोर : देणाऱ्यांना सांगावं! तुम्ही हिशेबाचं काढलंत म्हणून विचारतो. मामाच्या शंभर पौंडांतून भाच्याचं हॉटेल भागत नाही कशावरून?

लेखक : कधीकधी भागतं, आणि ते उघड गुपित आहे. अशा उपक्रमांत नाव नोंदवायच्या साधारण दोन रीती असतात. एकीत चालणारा स्वतःचा सगळा खर्च स्वतः भरतो आणि जमलेली पै न पै संस्थेकडे जाते. दुसरीत तो किमान अमुक रक्कम जमवण्याचं वचन देतो आणि त्याच्या प्रवासाचा, मुक्कामाचा खर्च संस्था त्या रकमेतून आयोजक कंपनीला देते. दुसरी रीत बेकायदा नाही, पण ब्रिटिश करखात्यालाही ती पहिलीसारखी वाटत नाही. तिकडे ‘गिफ्ट एड’ नावाची सोय आहे. करदात्यानं एक पौंड दिला की संस्थेला सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मिळतात. मात्र चालणाऱ्याचा खर्च संस्था उचलणार असेल, तर त्याच्या स्वतःच्या आणि जवळच्या नातलगांच्या देणगीवर ही सोय सहसा लागू होत नाही, कारण तिथे देणगीचा फायदा घरातच परत येतो. जो भेद करखात्याला कळतो तो मामालाही कळला पाहिजे. आणि विश्वास एकदा गेला की काय होतं तेही त्याच कॅप्टन टॉम यांच्या नावानं दिसलं. त्यांनी चालून जमवलेले पैसे आरोग्यसेवेच्या संस्थांना व्यवस्थित पोचले. पण नंतर त्यांच्या नावानं काढलेल्या प्रतिष्ठानाच्या कारभारावर धर्मादाय आयोगानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ताशेरे ओढले, कुटुंबीयांना खासगी लाभ झाल्याचं नोंदवलं, आणि त्याचे शिंतोडे अंगणातल्या त्या शंभर फेऱ्यांवरही उडाले.

शंकेखोर : बरं, घड्याळ काढलं, तीन शिखरांचा हट्ट सोडला, हिशेब मांडला. मग उरलं काय? कुठल्यातरी अनोळखी टेकडीवर सावकाश चालणारा भाचा. त्याला कोण देणार पैसे?

लेखक : देतात, आणि चार दशकांहून जास्त काळ देत आले आहेत. १९८१ मध्ये हाँगकाँगमधल्या ब्रिटिश फौजेच्या गुरखा सिग्नल्स तुकडीनं सरावासाठी एक चाल काढली : मॅक्लेहोज वाटेवरून शंभर किलोमीटर, चौघांच्या तुकडीनं. १९८६ मध्ये ऑक्सफॅम त्यात आली, नागरिकांना भाग घेता येऊ लागला, आणि ‘ट्रेलवॉकर’ या नावानं तो प्रकार पुढे बऱ्याच देशांत गेला. मुदत अठ्ठेचाळीस तास. त्या वाटेवरच्या टेकड्यांची नावं देणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असतील? त्यांना कळतं ते एवढंच की आपल्या ओळखीचा माणूस शंभर किलोमीटर चालणार आहे, आणि चौघांनी मिळून पोचायचं आहे. ही चौघांची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. चौघांत जो सर्वांत हळू, त्याचा वेग तोच तुकडीचा वेग. सराव एकत्र करावा लागतो, कारण एकाचा फोड हा चौघांचा प्रश्न असतो. मागणारेही चार, म्हणजे ओळखीपाळखीची चार वर्तुळं. मघाशी तीन शिखरांच्या हिशेबात जो माणूस ओझं ठरत होता, तोच इथे मध्यभागी येतो, आणि मोटार कुठेच येत नाही. मुदत इथेही आहे, ती टाकून द्या असं मी म्हणत नाही. तारीख आणि मुदत असल्याशिवाय कुणी पहाटे उठून जिने उतरत नाही. पण ती चालण्याची मुदत असावी, महामार्गावर गाडी हाकण्याची नव्हे.

शंकेखोर : हा ट्रेलवॉकर आपल्याकडे कर्जतलाही होत असे, ते मला माहीत आहे. शंभर किलोमीटर तिथेही होते. आणि तेव्हाही मला हेच वाटायचं की हे लोण हरिहर-कळसूबाईकडे आलं तर काय? तिथे पावसाळ्यातल्या रविवारी आधीच पायऱ्यांवर रांग लागते. आमच्याकडे फरशा टाकायला हेलिकॉप्टर येणार नाही. आणि कुणी घसरलं तर धावणार ती लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं नाहीतर त्या त्या तालुक्यातले गडी, स्वतःच्या दोराचे पैसेही स्वतःच घालून.

लेखक : म्हणून हरिहर नको, कळसूबाई नको, पावसाळा तर नकोच. कर्जतची वाट गावागावांतून, शेतांच्या कडेनं, धरणाच्या बाजूनं जाणारी होती. शंभर किलोमीटर भरवायला नावाजलेला गड लागत नाही, हेच त्यातून दिसतं. नोंदणी शुल्कातला वाटा ज्या गावांतून वाट जाते त्या ग्रामपंचायतींना आणि बचाव पथकाच्या दोर-स्ट्रेचरना आधी जावा, गावातल्या बायकांकडून जेवण विकत घ्यावं आणि तुकड्यांची संख्या पाणवठ्यावर पुरेल तेवढीच ठेवावी. संख्या कमी म्हणजे रक्कमही कमी, हे मला मान्य आहे.

शंकेखोर : ती संख्या ठरवणार कोण? आयोजक?

लेखक : आयोजकाच्या हाती दिली तर ती दरवर्षी थोडी थोडी वाढत जाईल, हे मी तुमच्याइतकंच जाणतो. ग्रामसभेनं ठरवावी.

शंकेखोर : ग्रामसभेत नाही म्हणाले तर?

लेखक : तर त्या वर्षी दुसरीकडे चालावं, आणि जिने मात्र उतरत राहावं.